आखाजीची सुट्टी

आमचा शेठ आखाजीच्या आदल्या दिवशी मिलमधल्या बायकांना साड्या वाटायचा आणि दर वर्षी एकच वाक्य म्हणायचा, "ही मिल म्हणजे तुमचं माहेर." बायका खूश व्हायच्या. आईचं बोट धरून मीही ते ऐकलंय आणि खूश झालेय. आता ते वाक्य आठवलं की हातातला कप भिंतीवर फेकावासा वाटतो. फेकत नाही, कारण कप आईचा असतो आणि भिंत मलाच पुसावी लागते.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशाबाहेर त्या दिवशी लोक सोनं घेतात म्हणे. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात. आणि त्याच दिवशी शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराचं वर्ष संपतं. मालकाला तो पुढच्या वर्षी हवा असेल तर विचारतो, नको असेल तर तसं सांगतो. आईचे वडील साक्रीकडच्या एका गावात सालदार होते. दोन मालकांनी त्यांना आखाजीला कामावरून काढलं, पण दोघांनीही ओट्यावर बसवून, आमरस वाढून, तोंडावर सांगितलं. आई हे सांगताना त्या मालकांचं कौतुक करायची. मला तेव्हा त्यात कौतुकासारखं काय आहे ते कळायचं नाही.

मिल जळगावच्या एमआयडीसीत. माझ्या लहानपणी त्या रस्त्यावर तुरीचे ट्रक इतके उभे असत की आमची शाळेची रिक्षा मागच्या गल्लीने जायची. हवेत डाळीची पिवळी धूळ. ती केसांत, वह्यांत, वाळत घातलेल्या चादरींवर, सगळीकडे असायची आणि तिचा कुणालाच कंटाळा नव्हता, कारण धूळ आहे म्हणजे काम आहे. शेजारी चटयांचे कारखाने, पलीकडे पाइपांचे. धुळ्याहून, अमळनेरहून माणसं कामाला यायची, तिकडची जुनी कामं बसत चालली होती. मुंबईच्या दुकानदाराला जळगावची डाळ म्हटलं की पुढे एक शब्द बोलावा लागत नसे. आम्ही स्वतःला फार शहाणे समजायचो.

गिरणीतून भरडून आलेली डाळ शेवटी बायकांच्या पुढ्यात पडायची. लांब शेड, खाली गोणपाट, चाळीसेक बायका दोन रांगांत समोरासमोर. प्रत्येकीच्या हातात सूप, आणि उजव्या गुडघ्यापाशी काढलेल्या घाणीचे छोटे छोटे ढीग: काळा दाणा वेगळा, डाग पडलेला वेगळा, टरफल चिकटलेला वेगळा, खडे वेगळे. रांगेच्या टोकाला माझी आई. निवडून झालेल्या पोत्यातून ती एक मूठ घ्यायची, स्टीलच्या ताटलीत पसरायची आणि वरून अंगठा फिरवायची. ठीक असेल तर मान हलवायची, नसेल तर पोतं परत जायचं. "डाळ दखाले डोया नही लागतस, बोटं लागतस," असं तिचं म्हणणं. सगळ्या तिला अक्का म्हणायच्या, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. तिच्या मुठीनंतर शेठही काही बोलत नसे.

तिच्या समोर खाला बसायची. खाला आमच्याच गल्लीतली, तिचा नवरा जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचा. घरात ती हिंदी बोलायची आणि मिलमध्ये आमच्यासारखीच अहिराणी, तीही आईपेक्षा ठसकेबाज. बोलायला लागली की तिचे हात थांबायचे आणि आई ओरडायची. मग ती आईला म्हणायची, तुला शेठने मशीन म्हणून विकत घेतलंय का? वीस वर्षं दोघींचं हे असं रोज चालू होतं. खाला आजारी पडली की त्या दिवशी आई हमखास जास्त पोती परत पाठवायची.

मग तूर बोटीने यायला लागली. आधी बर्मातून, नंतर आफ्रिकेतून. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात नव्या मिला उभ्या राहिल्या. तिथे कर कमी, वीज स्वस्त, असं शेठ लोक सांगायचे. शेठ लोकांचं रडगाणं आम्ही जन्मापासून ऐकत आलो, नफ्याच्या वर्षीही सूर तोच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण फाटकांना कुलपं लागायला लागली ती दिसत होती. आधी कोपऱ्यावरची मिल गेली, मग तिच्या समोरची. शाळेची रिक्षा मुख्य रस्त्याने जायला लागली.

मी तोवर धुळ्याला होते. देवपुरात मामांकडे राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. मामा कापडगिरणीत होते आणि गिरणी बंद झाल्यापासून घरी बसलेले. एकदा जेवताना ते म्हणाले, "गिरणी एका दिवसात बंद होत नसते गं. आधी एक खातं जातं, मग दुसरं. आणि दर वेळी उरलेल्यांना वाटतं, आपण वाचलो." मी मान हलवली आणि आणखी भाजी वाढून घेतली. त्यांचं बोलणं माझ्याबद्दल आहे असं मला वाटायचं काही कारण नव्हतं.

डिप्लोमा झाला तेव्हा शेठने स्वतः आईला हाक मारली. "अक्का, पोरीला पुण्याला कशाला धाडता? आपल्याकडे नवीन मशीन येतंय, ते ती सांभाळेल." आईने त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. पहिला पेढा खालाला.

मशीन लाकडी खोक्यांतून आलं, सोबत दक्षिणेकडचा एक इंजिनिअर. डाळ वरून पडते, कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि खराब दाणा हवेच्या फटक्याने बाजूला उडतो. पण खराब म्हणजे काय ते मशीनला आधी दाखवावं लागतं. चांगल्या दाण्यांचा नमुना आणि वाईट दाण्यांचा नमुना. शेठने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. दार नीट लागलं नाही, ते कधीच लागायचं नाही. तो म्हणाला, "नमुने अक्कांकडून घे, सगळ्या प्रकारचे. कशासाठी ते आत्ता सांगू नकोस, बायका उगाच घाबरतील. सीझन झाला की मी स्वतः सगळ्यांशी बोलेन. पुष्कळ जणींना कामावरून थांबवावं लागेल, पण अक्कांना आणि जुन्या आठ-दहा जणींना मी ठेवणारच. माझा शब्द आहे."

मी हो म्हणाले. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच होतं की आई राहतेय. बाकीच्या तीस जणींच्या मांडीवर मी खेळले होते, त्यांच्या डब्यातली ठेचा-भाकरी खाल्ली होती, आणि तरी मी एवढ्याशा केबिनमध्ये त्यांना मनातल्या मनात वजा करून बाहेर आले. आई वाचली, असं वाटलं. मामांचं बोलणं तेव्हा आठवलं नाही. सोयीच्या वेळी काही आठवत नसतं.

आईने विचारलं, हे मशीन नक्की करतं काय? मी म्हटलं, "मोठी घाण काढतं. बारीक काम तुमचंच." हे मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

आणि मग त्या बायकांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं. आईने शेडमध्ये सांगितलं की मशीनला शिकवायचंय, आणि अक्काची शेड कशी निवडते ते त्या बाहेरच्या माणसाला दिसलं पाहिजे. आठ दिवस नुसती चढाओढ. कुणी वाटीत, कुणी पदराच्या गाठीत सगळ्यांत अवघड दाणे जपून आणून द्यायच्या. असा डाग, जो दाखवल्यावरही मला दिसेना. पिवळ्या डाळीवर पिवळंच टरफल. खालाने आणलेला एक दाणा एका बाजूने निर्दोष होता आणि उलटला तरच किडीचं भोक दिसायचं, ते दाखवताना ती लग्नातल्या करवलीसारखी मिरवत होती. इंजिनिअर मला म्हणाला, इतकं कुणी देत नाही, साध्या नमुन्यांवर मशीन साधं काम करतं आणि उरलेली डाळ बायका निवडतात, बहुतेक मिलांत तसंच चालतं. मी आईला म्हटलं, एवढं बारीक नको देऊस. ती भडकली. "अर्धं काम करनं माले जमत नही." त्या क्षणी तिला खरं सांगायला हवं होतं. मी सगळे नमुने उचलून मशीनला दाखवले.

चाचणीच्या दिवशी शेठने आईलाच बोलावलं. मशीनमधून निघालेल्या पोत्यातून तिने एक मूठ घेतली, ताटलीत पसरली, अंगठा फिरवला. मग दुसरी मूठ, मग पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली तिसरी. "साफ शे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. आपल्या बायकांनी शिकवलेलं चोख उतरलं, याचा आनंद.

चार दिवसांनी आखाजी. शेठने साड्या वाटल्या, माहेरचं वाक्य म्हटलं आणि दोन दिवसांऐवजी चार दिवस सुट्टी दिली. त्या वर्षी साड्या जरा बऱ्या होत्या. खाला म्हणाली, शेठला झालंय तरी काय, एवढा कसा सुटलाय? सगळ्या हसल्या.

पाचव्या दिवशी सकाळी बायका डबे घेऊन फाटकाशी आल्या तर वॉचमन म्हणाला, शेठनी सुट्टी वाढवलीय, बोलावणं धाडू. त्या परत गेल्या. चार दिवसांनी पुन्हा आल्या, पुन्हा तेच. बोलावणं आलं नाही. ती सुट्टी अजून चालू आहे. लेकीला साडी-चोळी करून सासरी धाडावं तसं त्याने त्यांना धाडलं आणि मागून दाराला आतून कडी घातली. आई पण बाहेरच. मी आत होते, माझ्याकडे फोटो लावलेला गेटपास होता.

मी केबिनमध्ये गेले. शेठने मला पाणी दिलं आणि फार समजुतीने बोलला. "अगं, अक्कांना एकटीला ठेवलं तर बाकीच्या काय म्हणतील? त्यांच्याच मानासाठी केलं मी हे." आयुष्यभर तुरीत राहिलेल्या माणसाने आमच्या हातावर तुरी दिल्या, आणि वर आईच्या मानाची काळजी! नोकरी सोडावी असं खूप वाटलं, पण आता घरात येणारा पगार माझा एकटीचाच होता. ते त्यालाही माहीत होतं. मी जागेवर जाऊन बसले आणि मशीन सुरू केलं.

आई पहिले काही दिवस एवढंच म्हणायची, "सालदारले बी आखाजीले तोंडवर सांगतस." तिला काम गेल्याचं दुःख होतंच. पण आपल्याला सांगण्याच्याही लायकीचं समजलं नाही, हे तिला जास्त लागलं होतं.

त्याच आठवड्यात खाला घरी आली, सोबत गल्लीतल्या आणखी दोघी. खाला बसली नाही. म्हणाली, "अक्का, तुनी पोरले माहीत व्हतं." शेठने मला केबिनमध्ये बोलावलं त्या दिवशी ती पाणी घ्यायला ऑफिसच्या बाजूला आली होती. दार नीट लागत नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं असं नाही, पण 'आत्ता सांगू नकोस' एवढं ऐकलं होतं, आणि पोरगी सांगेलच आपल्या आईला म्हणून ती गप्प राहिली होती. आई उठली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "इना डोकावर हात ठेईसन सांगस. मनी पोर मायपासून काही लपाडत नही."

हाताचं वजन मला अजून आठवतं. खाला माझ्याकडे बघत होती. बोल, असं ती डोळ्यांनी म्हणत होती. मी जमिनीकडे पाहिलं. खाला गेली, आणि त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलली नाही. एकाच गल्लीत, एकाच नळावर, वर्षानुवर्षं. खालाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा आई म्हणाली, जिने माझ्या लेकीवर आळ घेतला तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही. ती पापड लाटत होती. मी शेजारी बसून लाट्या करून देत होते.

शहराने मात्र कात टाकली. शहरांना लाज नसते. कोपऱ्यावरच्या बंद मिलचं मंगल कार्यालय झालं, त्यात आम्ही जेवलोही. समोरच्या शेडमध्ये ऑनलाइन पार्सलांचं गोदाम आलं. चटईच्या एका कारखान्यात एसी लावून कोचिंग क्लास सुरू झाला. आणि आमच्या शेठच्या मुलाने डाळीचं पाकीट काढलं. पाकिटावर लिहिलं, 'हाताने निवडलेली, पारंपरिक'. वर एका मॉडेलचा फोटो, नऊवारीत, हातात सूप. सूप उलटं धरलेलं, मोकळी बाजू पोटाकडे! तसं पाखडलं तर सगळी डाळ ओटीत पडेल. मी आधी खो खो हसले. मग ध्यानात आलं की हे हात म्हणजे माझं बोट, जे सकाळी मशीनचं बटण दाबतं, आणि डोकं सणकलं. चाळीस बायकांचे हात तोडून टाकायचे आणि मग तेच हात छापून दुप्पट भावाने विकायचे. आजवर कुणी त्याला एका शब्दाने विचारलेलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी हायवेवर त्यांनी शोरूम काढायचं ठरवलं. शेठच्या मुलाने मला बोलावलं. "मॅडम, तिथे दोन बायका बसवायच्यात, समोरासमोर, सूप घेऊन. गिऱ्हाइकाला बघायला मिळालं पाहिजे. तुमच्या आईच होत्या ना इथे? आणि त्यांच्यासमोर एक मुस्लिम बाई बसायच्या म्हणे. दोघी मिळाल्या तर भारी दिसेल."

आईकडे जायची हिंमत नव्हती, म्हणून मी आधी खालाकडे गेले. ती दारात मेथी निवडत होती. तिने ऐकून घेतलं. काम करायला तिची ना नव्हती, घरी बसून तिला वीट आला होता. पण ती म्हणाली, "तुनी माय मनासमोर बसाव नही. तू तोंड उघडत नही तोपर्यंत." आणि पुन्हा मेथीला लागली. त्या दिवसानंतर एवढ्या वर्षांत ती गल्लीत त्याबद्दल पुन्हा एक शब्द बोलली नव्हती. मला तिची भीती वाटायची, ती खरं तर मला झाकत होती.

आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी ओट्याला टेकून सगळं सांगितलं. केबिन, शेठचा शब्द, 'बारीक काम तुमचंच' हे माझं वाक्य, आणि तिचा हात माझ्या डोक्यावर असताना मी जमिनीकडे का पाहिलं ते. तिने पीठ संपेपर्यंत भाकऱ्या केल्या, टोपलीवर फडकं झाकलं, हात धुतले, चप्पल घातली आणि बाहेर पडली. मी दारापर्यंत मागे गेले. खालाच्या दारासमोर उभी राहून, गल्लीतल्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तू खरं बोलनी व्हती. मी खोटी शप्पथ लिधी." खाला म्हणाली, "मझार ये, उभी काय ऱ्हायनी." आई आत गेली आणि दार लागलं.

परत आल्यावर तिने मला जेवायला वाढलं. मला वाटलं होतं शिव्या घालेल, रडेल, निदान शेठला शिव्या घालेल. तिने भाजी कमी पडली का, एवढं विचारलं. तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, आजारी पडले तर काढा करून देते, आणि स्वतःबद्दल एक वाक्य सांगत नाही. ते सगळं आता खालाला.

दोघी शोरूमला जायला तयार झाल्या. मला धक्का बसला. त्या माणसाच्या मुलाकडे? आई खालाला म्हणत होती, मी बाजूला होते म्हणून ऐकलं, की काम कामच शे. त्यांनी मुलाला अट घातली: आम्ही निवडलेलीच डाळ 'हाताने निवडलेली' लिहिलेल्या पाकिटात जाईल, मशीनची नाही. तो हो हो म्हणाला. बापाचाच मुलगा. दुसऱ्या दिवशी मशीनच्या पोत्यांवर पुन्हा तेच लेबल लागलं. मी पाहिलं, आणि या वेळी त्याच संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "आते सांगी राहिनी." मग खालाकडे निघून गेली.

उद्घाटनाला पुण्या-नाशिककडची पाहुणेमंडळी आली होती. अट मोडली होती तरी दोघी आल्या होत्या, गालिच्यावर समोरासमोर, नव्या साड्या, नवी सुपं. लोक मोबाइल काढून उभे. आईने सुपातली डाळ एकदा उडवून झेलली तर टाळ्या पडल्या. मुलाने मला हात करून पुढे बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि या मॅडम आमचं मशीन सांभाळतात. एकाच घरातल्या दोन पिढ्या आमच्याकडे!" गॉगल डोक्यावर चढवलेल्या एक बाई आईपुढे वाकल्या. "अय्या, ही तुमची मुलगी का?"

आईने मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं, पायांपासून चेहऱ्यापर्यंत, आणि अंगठ्याने सुपातला एक दाणा बाजूला सारला.

"नही," ती म्हणाली. "ही ऑफिसनी बाई शे."

बाई 'हो का' म्हणाल्या आणि त्यांनी अर्ध्या किलोचं एक पाकीट उचललं.